पोस्टरचा खालचा दीड इंच

तुमच्या घरात एखादं जुनं चित्र किंवा कॅलेंडर फ्रेम करून लावलेलं असेल. त्याचा खालचा काठ कुठे गेला, हे तुम्ही फ्रेमवाल्याला कधी विचारलंत का?

मी विचारते. माझं कामच ते आहे. गेल्या हिवाळ्यात या प्रश्नापायी माझी नोकरी जाता जाता राहिली.

"इथून इथपर्यंत," पोस्टर घेऊन आलेले दत्तबाबू म्हणाले. त्यांनी स्टीलची फूटपट्टी पोस्टरच्या खालच्या कडेला लावली होती. "फक्त दीड इंच. त्यात काही नाहीच. मळकी पट्टी आहे. कापून टाक."

टेबलावर मूकपटांच्या काळात मॉस्कोत छापलेलं एक पोस्टर पडलं होतं. काळा कोट घातलेला एक माणूस त्यात उलटा लोंबकळत होता. डोकं खाली, पाय वर, मागे लाल-पिवळी चाकं.

"नाही कापणार," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही."

आतल्या खोलीतून सुदेष्णादी बाहेर आली. स्टुडिओ तिचा. म्हणजे बॉस ती. "मुक्ता, दत्तबाबूंना चहा विचारलास?" तिने विचारलं. भांडणाचा वास आला की सुदेष्णादी चहाचं विचारते.

"चहा नको, कात्री हवी," दत्तबाबू म्हणाले.

(आमचं सगळं बोलणं बांगलात होतं. इथे मराठीत लिहिते आहे. त्यातला टोमण्यांचा गोडवा थोडा कमी होईल, त्याला इलाज नाही.)

मी पेपर कॉन्झर्व्हेटर आहे. फाटलेला, कुजलेला, कसर लागलेला कागद मी दुरुस्त करते. नवा करत नाही. हा फरक समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो. लोकांना वाटतं आम्ही रंग भरतो, डाग पुसतो, चित्र चकचकीत करून देतो. आम्ही उलट करतो. जे आहे ते जाऊ देत नाही, आणि जे नव्हतं ते आणत नाही. आमचा स्टुडिओ बालीगंजला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. तिथे सुदेष्णादी असते, मी असते, आणि आठवड्यातले तीन दिवस हावड्याहून फेरीबोटीने गौरांगदा येतात. गौरांगदा पंचाहत्तरीचे आहेत. त्यांची सगळी हयात लिथो प्रेसमध्ये गेली. लिथो म्हणजे दगडावरची छपाई. गुळगुळीत घोटलेल्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, वर शाई फिरवायची. शाई तेलकट रेघेलाच धरते, ओल्या जागेला धरत नाही. मग कागद दाबायचा. एका रंगाला एक दगड. सहा रंग असतील तर सहा दगड, आणि तोच कागद सहा वेळा नेमक्या जागी ठेवायचा.

दत्तबाबूंचे वडील मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. जहाज जिथे नांगर टाकेल तिथल्या जुन्या बाजारात जायचं आणि सिनेमाची पोस्टरं घ्यायची, हा त्यांचा एकुलता एक नाद. घरचे म्हणत, दुसरा माणूस घड्याळं आणतो, परफ्यूम आणतो, आणि हा रद्दी आणतो. ते वारले तेव्हा बराकपूरच्या घरात पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत सोळा पोस्टरं निघाली. आठ रशियन, आठ अमेरिकन, सगळी मूकपटांची. दत्तबाबू स्वतः इंटिरिअर डिझायनर. त्यांनी वडिलांच्या नावाने प्रदर्शन ठरवलं. हॉल घेतला, पत्रिका छापल्या. डाव्या भिंतीवर रशिया, उजव्या भिंतीवर अमेरिका. प्रदर्शनाचं नाव 'दोन जगं'.

आणि फ्रेम करून घेतल्या. सोळाच्या सोळा, एकाच मापाच्या.

तिथे घोटाळा झाला. अमेरिकन सिनेमावाल्यांनी पोस्टरची मापं फार लवकर ठरवून टाकली होती. थिएटरबाहेरच्या चौकटी देशभर सारख्या, म्हणून कागदही सारखा. सत्तावीस बाय एक्केचाळीस इंच. दत्तबाबूंनी वरचंच एक अमेरिकन पोस्टर मोजलं आणि ऑर्डर दिली. रशियन पोस्टरं त्या फ्रेममध्ये रुंदीला ओढूनताणून बसत होती. उंचीला दीड इंच जास्त होती. मापाचाच व्यवसाय असलेला माणूस मापात चुकला होता, आणि ते त्याला कबूल करायचं नव्हतं. त्यापेक्षा रशिया कापणं सोपं.

"दत्तबाबू, ही पट्टी पोस्टरचाच भाग आहे," मी म्हणाले.

"पट्टीवर आहे काय? बाबांनी चिकटवलेली खाकी टेप. तिच्याखाली घाण. लोक चित्र बघायला येणार आहेत, टेप बघायला नाही."

"टेपखाली छापलेली ओळ आहे. बाकीच्या सात रशियन पोस्टरांवर आहे, म्हणजे इथेही असणार."

"कसली ओळ? कोणाला वाचता येते ती?"

रशियन मला येत नाही. दत्तबाबू गेले. जाताना सुदेष्णादीला म्हणाले, "तुमची मुलगी कामाला चांगली आहे. पण जरा पुढारी आहे."

दार लागल्यावर मी सुदेष्णादीला कागद, इतिहास आणि कामगार या तीन विषयांवर पाच मिनिटं सुनावलं. तिने शांतपणे ऐकलं.

"भाषण छान होतं," ती म्हणाली. "आता फ्रेमचं सांग."

"फ्रेम बदलायला सांग त्यांना."

"मी सांगितलं. नाही म्हणाले. हे बघ मुक्ता, कागद त्यांचा आहे. शनिवारी ते परत येतील. तोपर्यंत त्यांना पटेल असं कारण शोध. तुला पटेल असं नको, त्यांना पटेल असं. नाही मिळालं तर मी स्वतः कापेन. आणि मग तुला इथे राहवणार नाही हे मला माहीत आहे. तूच निघून जाशील."

तिचं खरं होतं. मी निघूनच गेले असते. तो मंगळवार होता.

आता ही ओळ म्हणजे काय, आणि मी तिच्यासाठी एवढी का अडून बसले, ते सांगते.

माझे बाबा बँकेत होते. बदली होऊन कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. माझा जन्म इथला. मराठी शाळा मला मिळाली नाही. मराठी वाचायला मी शिकले ती पत्रकांवर. बाबांचे युनियनमधले आणि चळवळीतले मित्र नगरहून, धुळ्याहून पत्रकांचे गठ्ठे पाठवत. धरणग्रस्तांची, हमालांची, अंगणवाडीच्या बायकांची. इतर मुलांना चांदोबा भेटला, मला 'आमच्या मागण्या' भेटल्या. कुठलंही पत्रक हातात आलं की बाबा आधी खालची बारीक ओळ वाचत. मुद्रक अमुक, प्रकाशक तमुक, पत्ता. ते म्हणत, "ज्याच्याखाली नाव नाही ते पत्रक नाही, ती अफवा." ही सवय मला लागली. आजही कुठलाही छापील कागद मी खालून वर वाचते.

तशीच मी ही पोस्टरं वाचली होती. दोन टेबलांवर दोन देश मांडले. अमेरिकन पोस्टर म्हणजे चेहरा. गुलाबी गाल, ओले डोळे, केसांवर उजेड. सगळं मऊ, रंगात रंग विरघळलेला. बघणाऱ्याने त्या चेहऱ्याच्या प्रेमात पडावं आणि तिकीट काढावं, एवढंच काम. नटाचं नाव मोठं, कंपनीचं नाव त्याहून ठसठशीत. खाली काठावर लिथो कंपनीचं नाव. आणि चित्र काढलं त्याचं? आठपैकी एकावरही नाही.

रशियन पोस्टर म्हणजे धक्का. तिरप्या रेघा, सपाट रंग, अर्धा चेहरा इथे, हात तिथे, मध्ये लोखंडी जिना. गोड काही नाही. रस्त्याने घाईत चाललेल्या माणसाची कॉलर धरून थांबवणारं चित्र. या चित्रकारांना पुष्कळदा सिनेमा बघायलाही मिळत नसे. चार फोटो आणि गोष्टीचा सारांश हातात यायचा. फोटो एवढा मोठा छापायची यंत्रं नव्हती, म्हणून फोटो दिव्याच्या झोताने भिंतीवर मोठा करून पाडायचे आणि हाताने गिरवायचे. गरिबीतून आलेली युक्ती, आणि तीच पुढे शैली झाली. आणि खालच्या काठावर बारीक अक्षरांत एक लांबलचक ओळ. मी फोनच्या कॅमेऱ्याने तिचं भाषांतर करून पाहिलं. छापखान्याचं नाव, परवान्याचा क्रमांक, किती प्रती छापल्या तो आकडा. आणि चित्रकाराचं नाव.

एकीकडे मालकाचं नाव, दुसरीकडे कारागिराचं. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला आणखी काय हवं? मी ठरवूनच टाकलं. उजवी भिंत बाजार, डावी भिंत माणूस.

एवढंच नाही. दत्तबाबूंनी पोस्टरांखाली लावायची लेबलंही माझ्याकडेच दिली होती. उलट्या माणसाच्या पोस्टरवरचं मोठं नाव फोनला दाखवलं. अक्षरं तुटकी आणि तिरकी होती, तरी फोनने 'उलटा माणूस' असं काहीतरी सांगितलं. मी लेबल लिहिलं: 'काळ्या कोटातल्या भांडवलदाराला इतिहासाने उलटा टांगला आहे. मागची चाकं कारखान्याची. नव्या समाजाचा जुन्यावरचा हा निकाल.' लिहून झाल्यावर मला ते फार आवडलं होतं.

बुधवारी टेप काढायला घेतली.

खाकी गमटेप ही आमच्या धंद्यातली मोठी पीडा. ती ओढायची नाही. ओढली की कागदाची साल तिच्याबरोबर येते. आधी प्रत्येक रंगावर सुईच्या टोकाएवढा पाण्याचा थेंब ठेवायचा आणि टिपकागदाने टिपायचा. टिपकागदाला रंग लागला तर पाण्याचं नाव काढायचं नाही. आमच्याकडे रंग लागला नाही. मग टेपवर पातळ जेलचा थर द्यायचा. जेल म्हणजे पाण्याला धरून ठेवणारी खळ. पाणी हळूहळू टेपमध्ये उतरतं, कागदात पसरत नाही. थोडी वाट बघायची, बोथट पात्याने बोटभर टेप उचलायची, पुन्हा जेल, पुन्हा वाट. सत्तावीस-अठ्ठावीस इंच टेपला पूर्ण दिवस जातो.

गौरांगदा समोर बसून भिंगातून चित्र बघत होते.

"दिदीमणी, हा माणूस कोण म्हणालात?"

"भांडवलदार."

"आणि त्याला काय झालंय?"

"शिक्षा."

"मग हसतोय कशाला?"

मी पात्यावरून नजर काढली नाही. "ते उपहासाने काढलेलं आहे, गौरांगदा."

"असेल. पण त्याच्या पँटला कुत्रं लटकलंय. इतिहासाने कुत्रं पण लावलं का मागे?"

मी उठून भिंग घेतलं. पँटच्या पायाशी काळा-पांढरा तुकडा होता. मी तो झेंडा समजले होते. झेंडा नव्हता. अर्धं कापून चिकटवल्यासारखं काढलेलं एक कुत्रं होतं. एक कान काळा, एक पांढरा. आणि माणूस खरंच हसत होता. चेहरा उलटा असल्यामुळे हसू मला रागाने आवळलेल्या ओठांसारखं दिसलं होतं. सगळं पोस्टर फिरवून बघावं, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मी चित्र बघितलंच नव्हतं. मला हवं ते त्यात वाचलं होतं.

"मी पन्नास वर्षं सिनेमाची पोस्टरं छापली," गौरांगदा म्हणाले. "ही कॉमेडी आहे."

संध्याकाळी टेपचा शेवटचा तुकडा निघाला. खाली ओळ होती. ठळक, कोरी, टेपने सांभाळून ठेवलेली. मी फोन धरला.

अमेरिकन कॉमेडी. सहा भागांत. मुख्य भूमिकेत, आणि पुढे एक नाव. मग छापखाना, परवाना, प्रती, चित्रकार.

अमेरिकन.

मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा गौरांगदांना वाचून दाखवलं. पोस्टर रशियन होतं. सिनेमा अमेरिकेचा होता. त्या काळात रशियात अमेरिकन सिनेमे ढिगाने लागत आणि लोक रांगा लावून बघत, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं, कारण ते माझ्या दोन भिंतींत बसत नव्हतं.

मग ते नाव. नटाचं नाव रशियन अक्षरांत होतं, फोनने ते इंग्रजीत करून दिलं. ते मला ओळखीचं वाटलं. का वाटतंय ते कळेना. गौरांगदा डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "पलीकडच्या टेबलावर आहे की."

पलीकडे अमेरिका होती. वरून तिसरं पोस्टर. फुललेलं झाड, झाडाखाली गवताची टोपी घातलेला एक गोड तरुण, शेजारी लाजणारी मुलगी. मुलीपेक्षा मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. आणि गवतावर ठेवलेल्या खाऊच्या टोपलीतून बाहेर डोकावणारं कुत्रं. एक कान काळा, एक पांढरा.

एकाच सिनेमाची दोन पोस्टरं. अमेरिकेने त्यातला प्रेमाचा भाग विकायला काढला होता. रशियाने तोच सिनेमा घेऊन त्यातली पडझड उचलली होती. मागची चाकं कारखान्याची नव्हती, सायकलची होती. सिनेमाचं नावसुद्धा रशियात बदललं होतं, म्हणून आजवर कुणाला पत्ता लागला नाही.

मी बाबांना फोन केला.

"बाबा, माझं लेबल चुकलं. भांडवलदार नव्हता तो. विनोदी नट होता."

बाबा जरा वेळ हसले. "मग आता काय करणार?"

"लेबल फाडलं."

"आणि काठ?"

"काठामुळेच कळलं."

"मग रडतेस कशाला? अफवा होती, तिचं पत्रक झालं," बाबा म्हणाले आणि जेवायला गेले.

शुक्रवारी गौरांगदांनी दोन्ही पोस्टरांचे दगड मोजले. तेही काठावरूनच. काठाशी बारीक फुल्या छापलेल्या असतात. प्रत्येक रंगाचा दगड आपली फुली आधीच्या फुलीवर ठेवतो, म्हणजे कागद हलला की लगेच कळतं. भिंगाखाली त्या फुल्या सुतासुताने सरकलेल्या दिसतात. जितके रंग, तितक्या फुल्या. अमेरिकेचे नऊ दगड निघाले. रशियाचे चार.

"अमेरिकेचं काम भारी," गौरांगदा म्हणाले. "गाल बघा. एका गालाला तीन दगड. इतका मऊ खडू मला जन्मात जमला नाही."

"पण नाव कुठे आहे त्याचं?"

"नाही ना. रशियावर आहे, कबूल. पण ते चित्रकाराचं. चित्र दगडावर उतरवणारा वेगळा असतो, दिदीमणी. त्याचं नाव दोघांवरही नाही." त्यांनी भिंग फडक्याने पुसलं. "माझंही कशावर नाही."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हावड्याची फेरी साडेपाचला आहे, अशा सुरात सांगितलं.

शनिवारी दत्तबाबू आले. या वेळी हातात चामडी पिशवीतली स्वतःची कात्री होती. सुदेष्णादीने चहा आधीच ठेवला होता.

मी भाषण केलं नाही. दोन्ही पोस्टरं एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती. मी एवढंच म्हणाले, "दत्तबाबू, या दोघांत सारखं काय आहे ते शोधा."

"खेळ खेळायला वेळ नाही."

"दोन मिनिटं."

ते वाकले. त्यांची नजर सवयीची आहे, हे मान्य केलं पाहिजे. अर्धं मिनिटही लागलं नाही. "कुत्रं," ते म्हणाले. मग, "अरे. माणूसही तोच आहे."

मी काठावरच्या ओळीवर फोन धरला. त्यांनी वाचलं. ते खुर्चीवर बसले, आणि मग खिशातून आपला फोन काढून काहीतरी शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते. सुदेष्णादीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"बाबांची यादी," शेवटी ते म्हणाले. पेटीत एक वही होती, तिच्या पानाचा फोटो त्यांच्याकडे होता. इंजिनिअरचं अक्षर, सोळा आकडे, प्रत्येकापुढे बंदर आणि दोन शब्दांचं वर्णन. चार नंबर: न्यू यॉर्क, झाडाखालची जोडी. तेरा नंबर: ओडेसा, उलटा माणूस. आणि चारपासून तेरापर्यंत पेन्सिलने ओढलेली एक वाकडी रेघ.

"मला वाटायचं पेन्सिल घसरली," दत्तबाबू म्हणाले.

एका बंदरात एक घेतलं, दुसऱ्या कुठल्या सफरीत दुसरं. भाषा येत नसताना त्या माणसाने दोन्ही जुळवली होती. कुत्र्यावरून जुळवली की काठ कुणाकडून वाचून घेतला, ते आता कळणार नाही. पण खालचा काठ फाटायला लागल्यावर त्यावर टेप लावणारे तेच होते. घरचे ज्याला रद्दी म्हणत होते, त्याचा काठ ते सांभाळत होते. आणि मुलाने ती जोडी तोडून दोन भिंतींवर टांगायची ठरवली होती. खरं सांगायचं तर मीही तेच ठरवलं होतं, फक्त माझं कारण जास्त मोठ्या शब्दांत होतं.

"फ्रेमचं काय करायचं?" दत्तबाबूंनी विचारलं. आवाज वेगळा होता. "पत्रिका गेल्यात. नव्या फ्रेम वेळेत होत नाहीत."

इथे माझी तयारी नव्हती. काठ वाचवायच्या नादात मी फ्रेम विसरले होते.

गौरांगदा कोपऱ्यातून म्हणाले, "पोस्टर फ्रेममध्ये कधी असतं का, बाबू? ते भिंतीवर असतं."

सुदेष्णादी बॉस का आहे ते मग कळलं. तिने लगेच कागद ओढला. आठ अमेरिकन पोस्टरांपैकी सात फ्रेममध्ये, कारण ती थिएटरच्या चौकटीसाठीच बनली होती. रशियनपैकीही सात, पण उघड्या भिंतीवर. मागे पातळ पत्रा, कडांना लहान लोहचुंबक, पुढे ॲक्रिलिकची पारदर्शक शीट. गोंद नाही, खिळा नाही, कापणं नाही. आणि कुत्र्याची जोडी कुठल्याच भिंतीवर नाही. हॉलच्या मधोमध, दाराच्या समोर, एकाच मोठ्या पाटीवर दोन्ही शेजारी शेजारी.

"मग रशिया-अमेरिका वेगळी कशी दिसणार?" दत्तबाबूंनी विचारलं.

"शेजारी ठेवल्यावरच दिसेल," मी म्हणाले. "एकच गोष्ट दोघांनी कशी सांगितली, ते."

त्यांनी कात्री पिशवीत परत ठेवली. जाताना सुदेष्णादीला म्हणाले, "पुढारी बरी आहे तुमची." मी हे दाद म्हणून घेतलं.

प्रदर्शनाचं नाव त्यांनी स्वतःच बदललं. 'दोन जगं' पुसून 'एक कुत्रं, दोन देश'. पत्रिकांवर जुनंच नाव राहिलं, कुणी तक्रार केली नाही. पहिल्या दिवशी लोक दारातून आत आले की मधल्या पाटीपाशी थांबत. आधी हसत, मग बोट दाखवत, मग वाकून खालची ओळ वाचत. शाळेच्या पोरींचा एक घोळका जमिनीवर बसून फुल्या मोजत होता. एका आजोबांनी उलटा माणूस बघायला स्वतःची मान उलटी केली, नातवाने त्यांना धरलं. माझं नवीन लेबल चार ओळींचं होतं. त्यात भांडवलदार नव्हता. अमेरिकन पोस्टरखाली मी लिहिलं होतं: 'दगडावर चित्र उतरवणारा: नाव छापलेलं नाही. त्याने एका गालासाठी तीन दगड वापरले.'

आणि दाराजवळच्या पाटीवर काम करणाऱ्यांची नावं. ती माझी अट होती, सुदेष्णादीने ती दत्तबाबूंच्या गळी उतरवली. संग्रह, मांडणी, कागदाची दुरुस्ती. आणि शेवटी: 'दगडांची मोजणी आणि चित्राचं वाचन: गौरांग पाल, लिथो कारागीर, हावडा.'

गौरांगदा दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आले. इस्त्रीचं धोतर, खांद्यावर शाल. पाटीपाशी दोघं उभी राहिली. काकूंनी ओळ मोठ्याने वाचली, मग दत्तबाबूंना हाक मारून विचारलं, "प्रदर्शन संपल्यावर ही पाटी आम्हाला मिळेल का?"

"मिळेल की," दत्तबाबू म्हणाले. "फ्रेम करून देतो. नऊ उरल्याच आहेत."

"करा," गौरांगदा म्हणाले. "पण काठ कापू नका."

या सगळ्यातून मी एक धडा घेतला. नीट बघायचं असेल तर आधी काठ वाचावा आणि मग चित्र फिरवून बघावं. दोन्ही करावं, एकच करून भागत नाही. मी पहिलं करत होते आणि दुसरं करत नव्हते. दत्तबाबू दोन्ही करत नव्हते. गौरांगदा दोन्ही करत होते आणि त्यांना कुणी विचारत नव्हतं.

आता तुम्हाला एक काम सांगते. हे वाचून झालं की उठा आणि भिंतीवरची एक जुनी छापील वस्तू खाली उतरवा. पोस्टर, कॅलेंडर, देवाची तसबीर, नाटकाची जाहिरात, काहीही. खालचा काठ वाचा. तिथे जे नाव असेल ते पेन्सिलीने, हलक्या हाताने, मागच्या बाजूला लिहा. पेनाने नको, शाई पुढे उमटते. नाव नसेल आणि ते बनवणारा माणूस तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याचं लिहा. तो जिवंत असेल तर आधी त्याला दाखवा. आणि ती वस्तू कधी फ्रेमवाल्याकडे द्यावी लागलीच, तर तो कात्री उचलेपर्यंत तिथून हलू नका. त्याने ती उचलली, की त्याचा हात धरा.